सिकलसेल असलेल्या मुलाचे पोषण : पावडरच्या डब्याचा खर्च झेपत नसेल तेव्हा

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला सिकलसेल (एसएस) हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. वजन १८ किलो. दुखण्याचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सुरू आहे. वजन वाढत नाही म्हणून खासगी दवाखान्यात दाखवले, तेव्हा प्रोटीन पावडरचा डबा, मल्टिव्हिटॅमिनचे सिरप, रक्तवाढीचे टॉनिक आणि कॅल्शियम लिहून दिले. ४०० ग्रॅमचा डबा ७५० रुपयांना पडतो आणि महिन्याला तीन लागतात. सगळे मिळून खर्च २,८०० रुपयांवर जातो. आम्ही दोघे शेतमजुरी करतो. गेल्या महिन्यात डबा आणता आला नाही. डबा बंद झाला तर त्याची तब्येत बिघडेल का? तो कुठे मोफत किंवा कमी दरात मिळतो का? (चंद्रपूर जिल्ह्यातील एक आई)

उत्तर : ताई, डबा आणता आला नाही म्हणून मुलाचे काही कायमचे नुकसान झाले असेल, ही भीती आधी मनातून काढून टाका. सिकलसेलच्या मुलांसाठी विदर्भात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हाच प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि बहुतेक वेळा असे दिसते की घरचा पैसा जिथे सर्वांत कमी उपयोगी आहे तिथे सर्वांत जास्त जातो आहे. तुमच्या यादीतील प्रत्येक वस्तूकडे वेगवेगळे पाहावे लागेल, कारण त्यात औषध कोणते आणि डब्यात भरलेले अन्न कोणते, हे एकदा लक्षात आले की खर्चाचा बराचसा भाग आपोआप कमी होतो.

सर्वांत आधी यादीत नसलेल्या वस्तूबद्दल. तुम्ही लिहिलेल्या चार वस्तूंमध्ये फॉलिक ॲसिडचे नाव नाही. ती गोळी सरकारी दवाखान्यातून वेगळी मिळत असेल आणि मुलगा ती रोज घेत असेल तर चांगलेच आहे. घेत नसेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. निरोगी माणसाच्या रक्तातील लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते. एसएस प्रकारच्या, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही दोष आलेल्या सिकलसेलमध्ये ती १० ते २० दिवसांतच फुटते. त्यामुळे शरीराला नव्या पेशी सतत आणि घाईने तयार कराव्या लागतात आणि त्या कामात फॉलिक ॲसिड फार खर्च होते. म्हणूनच आपल्याकडे या मुलांना ते रोज देण्याची पद्धत आहे. ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपजिल्हा रुग्णालयात मोफत मिळते, आणि तिथला साठा संपला असेल तर जनऔषधी केंद्रात दहा गोळ्यांची पट्टी अगदी थोड्या रुपयांत येते. तुमच्या मुलाला सर्वांत जास्त गरज असलेले पूरक हे आहे आणि ते सर्वांत स्वस्तही आहे. मात्र मल्टिव्हिटॅमिनच्या सिरपमध्ये फॉलिक ॲसिड असतेच, असे समजून गोळी बंद करू नका. सिरपमध्ये त्याचे प्रमाण फारच कमी असते.

आता रक्तवाढीचे टॉनिक. याबाबत मी खर्चापेक्षा धोक्याचा विचार आधी करते. अशा बहुतेक टॉनिकांमध्ये लोह असते. बाटलीच्या मागे फेरस, फेरिक किंवा आयर्न असा शब्द दिसला तर ते लोह आहे असे समजा. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन कमी असते ते पेशी लवकर फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशींतील बरेचसे लोह शरीरातच राहते आणि पुन्हा वापरले जाते. शिवाय मुलाला रक्त चढवले गेले असेल तर प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि ते बाहेर टाकण्याची स्वाभाविक सोय शरीराकडे नाही. जास्तीचे लोह यकृतात आणि हृदयात साचत जाते. आपल्याकडच्या काही सिकलसेलच्या मुलांमध्ये लोहाची खरोखरच कमतरता असते, हेही खरे आहे. पण ती आहे की नाही हे फेरिटिनच्या, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासणीनेच कळते, चेहरा फिका दिसण्यावरून नाही. म्हणून ती बाटली घेऊन सिकलसेलच्या डॉक्टरांकडे जा, फेरिटिन तपासले आहे का ते विचारा, आणि त्यांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय पुढची बाटली विकत आणू नका. शाळेत दर आठवड्याला जी गुलाबी गोळी देतात तिच्यातही ४५ मिलिग्रॅम लोह असते. मुलाला सिकलसेल आहे हे वर्गशिक्षकांना सांगून, ती गोळी द्यायची की नाही याबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी शाळेत देऊन ठेवा.

कॅल्शियम आणि सिरप यांबद्दल थोडक्यात सांगते. सिकलसेलच्या मुलांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते आणि ती भरून काढणे गरजेचे असते; पण त्यासाठी बाजारात मिळणारी ६०,००० युनिटची पुडी किती आठवडे द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवावे, कारण ती मनाने देत राहिल्यास अपायकारक ठरते. रोज दूध किंवा ताक, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला यांपैकी काही पोटात जात असेल, तर वेगळ्या कॅल्शियमची गरज बहुधा राहत नाही. जस्ताबद्दल मात्र सांगायला हवे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चार ते दहा वर्षांच्या सिकलसेल असलेल्या मुलांना वर्षभर रोज १० मिलिग्रॅम जस्त दिल्यावर त्यांची उंची थोडी अधिक वाढलेली आढळली. जस्ताची गोळी महाग नाही. जुलाबासाठी ती आरोग्य केंद्रात ठेवलेलीच असते. तुमच्या मुलाची उंचीही मागे असेल तर डॉक्टरांना जस्ताबद्दल आवर्जून विचारा. बहुगुणी म्हणून विकल्या जाणाऱ्या सिरपपेक्षा हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे डब्याकडे वळते. अशा डब्यातील एका वेळच्या सुमारे ४५ ग्रॅम पावडरीतून साधारण २०० उष्मांक आणि सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. ४०० ग्रॅमच्या डब्यात अशा नऊ वेळा होतात, म्हणजे एका पेल्याला तुम्ही ८० रुपयांहून अधिक मोजता. डबा वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्यात जीवनसत्त्वे आणि खनिजे मोजून घातलेली असतात, ही त्याची जमेची बाजू आहे. पण त्यांपैकी तुमच्या मुलाला ज्यांची विशेष गरज आहे ती फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व आणि जस्त यांच्या रूपाने स्वतंत्रपणे आणि नेमक्या प्रमाणात देता येतात. उरतात ते उष्मांक आणि प्रथिने, आणि ती स्वयंपाकघरातूनच येऊ शकतात.

उदाहरण म्हणून तेवढ्याच वजनाचा एक लाडू घ्या. ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि १५ ग्रॅम गूळ कुटून केलेल्या लाडवात सुमारे २१० उष्मांक आणि सात ग्रॅम प्रथिने असतात. दाणे १४० रुपये किलो आणि गूळ ५० रुपये किलो धरला तर लाडू पाच रुपयांना पडतो. रोज दोन लाडू, एक अंडे आणि १५० मिलिलिटर दूध असे महिनाभर दिले तर दाण्यागुळाचे ३००, अंड्यांचे २०० ते २२५ आणि दुधाचे अडीचशेच्या आसपास, असा खर्च एका डब्याच्या किमतीइतकाच होतो. तुमच्या गावचे भाव थोडे वरखाली असतील, पण हिशेब फारसा बदलणार नाही. यातून रोज ६०० उष्मांक आणि २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १,७०० उष्मांक आणि २३ ग्रॅम प्रथिने इतकी धरली जाते. सिकलसेलमध्ये पेशी सतत नव्याने तयार कराव्या लागत असल्यामुळे आणि हृदयाला जास्त काम पडत असल्यामुळे ही गरज आणखी वाढते, आणि म्हणूनच या मुलाने घरातल्या इतरांइतकेच खाल्ले तर ते त्याला पुरत नाही.

लाडू करताना दोन गोष्टी सांभाळा. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले किंवा चवीला कडवट लागणारे दाणे निर्दयपणे फेकून द्या. बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. स्वस्त मिळतो म्हणून तुटक्या, जुन्या दाण्यांचा माल घेऊ नका; या एकाच बाबतीत काटकसर करू नये असे माझे मत आहे. दुसरे म्हणजे एकदम महिन्याचे लाडू करून ठेवू नका, आठ दिवसांचे करा, कारण उन्हाळ्यात दाण्याचे तेल सुटते, लाडू खवट होतो आणि मग मूल त्याला तोंड लावत नाही. पोरगा लाडवांना कंटाळला तर फुटाण्याची डाळ आणि भाजलेले गहू दळून सातूचे पीठ करा आणि ते गूळ घालून दुधात किंवा ताकात कालवून द्या. डब्यातील पावडर दुधात ढवळून प्यायची सवय लागलेली मुले हा बदल सहज स्वीकारतात. जवसाची चटणी घरात होतच असेल. ती भाकरीबरोबर तेल घालून द्या. तेलाचा एक चहाचा चमचा म्हणजे ४० ते ४५ उष्मांक, आणि वरणात किंवा भातावर घातलेले असे दोन चमचे मुलाच्या लक्षातही येत नाहीत. मात्र तेलकट खाल्ल्यावर त्याच्या पोटात उजवीकडे, बरगडीखाली दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. पेशी फुटत राहिल्याने या मुलांमध्ये पित्ताशयात खडे होतात आणि त्यासाठी सोनोग्राफी करावी लागते.

घरात दुसरे मूल असेल तर हिशेब त्याला धरूनच करा. डबा एकाचा म्हणून बाजूला ठेवता येतो, लाडू ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. कित्येक घरांत आजारी मुलाच्या नावाने केलेला खाऊ भावंडांना वाटल्यावर त्याच्या वाट्याला अर्धाच उरतो आणि आईला काहीच उरत नाही. म्हणून सुरुवातीपासूनच दोघांचे दाणे मोजून घ्या. त्या भावंडाची सिकलसेल तपासणी अजून झाली नसेल तर तीही करून घ्या. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेत ती मोफत होते.

खाण्याची वेळ हीही महत्त्वाची बाब आहे. ही मुले एका बसणीत फार खात नाहीत. दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या, आणि शाळेतून आल्यावर लगेच लाडू-दूध द्या, कारण त्या वेळी भूक खरी असते. दुखण्याचा झटका आला की चार-पाच दिवस मूल जवळजवळ उपाशी राहते आणि वजन त्या दिवसांत उतरते. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत भूक परत येते आणि तेव्हा एक जेवण वाढवले तर गमावलेले वजन भरून निघते. हा काळ वाया जाऊ देऊ नका. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतले आणि ठरलेल्या वेळी रक्ततपासण्या केल्या की झटके कमी होतात, आणि झटके कमी झाले की जेवण सुधारते. वजन वाढवण्याचे खरे औषध, माझ्या अनुभवात, ती कॅप्सूल आहे.

पाण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगणे भाग आहे. १८ किलोच्या मुलाला रोज किमान दीड लिटर द्रव पोटात जायला हवा आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत याहून अधिक, कारण अंगातले पाणी कमी झाले की पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि दुखणे सुरू होते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडांची पाणी राखण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे ही मुले वारंवार लघवीला जातात आणि पुष्कळदा अंथरूण ओले करतात. अशा वेळी आई-वडील संध्याकाळनंतर पाणी बंद करतात. तसे कृपया करू नका. रात्री एकदा उठवून लघवीला न्या. वर्गात बाटली ठेवण्याची आणि विचारल्यावर लगेच बाहेर जाण्याची परवानगी शिक्षकांकडून लेखी घ्या.

डबा खरोखर लागतो, अशा वेळाही येतात. तोंडाने चावता येत नसेल, नळीने अन्न द्यावे लागत असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा मूल काही आठवडे घन पदार्थ नाकारत असेल, तर तयार पावडर सोयीची आणि सुरक्षित असते. मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर प्रथिने किती द्यायची हेही डॉक्टर वेगळे ठरवतात. त्या स्थितीत मी वर दिलेले प्रमाण वापरू नका. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की डबा किती दिवसांसाठी आहे. मुदत न लिहिता दिलेला डबा वर्षानुवर्षे चालू राहतो. मग ती चिठ्ठी घेऊन सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) यांना भेटा. देणगीदारांकडून किंवा रुग्णालयाच्या निधीतून ठरावीक मुदतीसाठी पावडर मिळवून देणे त्यांच्या कामातच येते, आणि मुदत लिहिलेली असेल तर त्यांनाही मदत उभी करणे सोपे जाते. मोठ्या शहरातील धर्मादाय रुग्णालयात उपचार चालू असतील तर तिथे निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका दाखवून तिथल्या समाजसेवकांकडे मागणी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मात्र दुकानातून आणलेल्या डब्याचे पैसे मिळत नाहीत. ती योजना दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे आणि त्या काळात रुग्णाचे जेवण व घरी परतण्याचे भाडे तिच्यात धरलेले असते.

चॉकलेटच्या चवीची जी पेये उंची वाढवण्याच्या जाहिराती करून विकली जातात, ती या चर्चेत कुठेच बसत नाहीत. त्यांतील मोठा भाग साखरेचा असतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितले, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात त्या नावाचा वर्गच नाही. अलीकडे ग्लुटामिनच्या पावडरीबद्दलही विचारणा होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये पाच वर्षांवरील सिकलसेल रुग्णांसाठी औषधी दर्जाच्या एल-ग्लुटामिनला मान्यता दिली, हे खरे आहे. पण व्यायामशाळेच्या दुकानात त्याच नावाने मिळणारी पावडर म्हणजे ते औषध नव्हे, आणि तिच्यासाठी कर्ज काढू नका.

डबा मोफत मिळवण्यासाठी धावपळ करण्यापेक्षा घरातला इतर खर्च कमी करणारे हक्क मिळवा आणि वाचलेला पैसा ताटात आणा, असा माझा आग्रह आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सिकलसेलचा समावेश २१ प्रकारांमध्ये आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढा, आणि त्याच्या आधारे तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या प्रवासभाड्यात पूर्ण सवलत आहे. ती कोणत्या कागदावर मिळेल हे आगारात विचारून घ्या. दर महिन्याच्या फेरीचे भाडे वाचले तर त्यातून अंड्यांचा खर्च भागेल. रक्त चढवावे लागले तर सरकारी रक्तकेंद्रातून सिकलसेलच्या रुग्णाला ते मोफत आणि बदली रक्तदाता न मागता मिळायला हवे. अंत्योदय शिधापत्रिकेवर महिन्याला कुटुंबाला ३५ किलो आणि प्राधान्य गटात माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते. मुलाचे नाव शिधापत्रिकेवर चढवले आहे का ते पाहा, कारण आजारपणाच्या धावपळीत हे काम राहून गेलेले मी अनेकदा पाहिले आहे. शाळेच्या पोषण आहारातून पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित आहे, म्हणजे प्रथिनांची निम्मी गरज. तो शाळेत जेवतो का, किती जेवतो, हे एकदा स्वतः जाऊन पाहा. धाकटे मूल सहा वर्षांखालचे असेल आणि तुमचे गाव आदिवासी क्षेत्रात येत असेल, तर अंगणवाडीत अमृत आहार योजनेची अंडी किंवा केळी त्याला मिळतात का तेही बघा. गावातील कोणी किंवा एखादी संस्था मदत करू इच्छित असेल तर त्यांच्याकडे डबा मागू नका. महिन्याचे दोन किलो दाणे, एक किलो गूळ आणि तीस अंडी असे नेमके मागा. अशी मदत देणाऱ्याला दरमहा झेपते आणि मध्येच बंद पडत नाही.

वजन महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी आणि हलक्या कपड्यांत करा. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात काटा असतो. तारखेसह वजन वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी उंचीही मोजून घ्या. सिकलसेलची मुले वयाच्या मानाने लहान दिसतात, वयातही उशिरा येतात आणि पुढे बरीचशी वाढ भरून काढतात. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना न करता त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी तुलना करा. वर सांगितल्याप्रमाणे खाऊनही सलग दोन महिने वजन हलले नाही, किंवा एका महिन्यात एक किलोने उतरले, तर जंत, क्षयरोग आणि मूत्रपिंड यांची तपासणी करावी लागते आणि त्यासाठी थांबू नका. ताप आला, धाप लागली, पोट डावीकडे फुगून मूल अचानक फिके पडले, तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पुढच्या भेटीला ही वही, टॉनिकची बाटली आणि हायड्रॉक्सियुरियाच्या रिकाम्या पट्ट्या बरोबर न्या. कॅप्सूल रोज पोटात जाते आहे हे डॉक्टरांना पट्ट्यांवरूनच कळेल आणि १८ किलोला बसवलेली मात्रा वजन वाढल्यावर बदलायची का, हेही त्याच वेळी ठरवता येईल.